लाल टाचणीचे कपडे

आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात एक शिरस्ता होता. डाग कसला ते कळलं नाही की कपड्याला लाल टाचणी लावायची आणि माझी वाट बघायची. शिरस्ता माझाच, आणि मला त्याचा भारी तोरा. एकदा मी तापानं घरी पडले. परत येऊन बघते तर सगळं कपाट लाल टाचण्यांनी भरलेलं. एकाही डागाला कुणी हात लावला नव्हता.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते आणि जवळ हक्काचं माणूस नव्हतं. "आई, तू येणार की नाही, तेवढंच सांग," ती म्हणाली. "दुकानाचं बघते आणि कळवते," मी म्हटलं.

शेवटी मी आमच्या इस्त्रीवालीला डाग काढायच्या वर्गाला पाठवलं, तेही पगार चालू ठेवून. गल्ल्यावर बसणारा माझा दीर धुमसत राहिला. शिकली की समोरचा दुकानदार तिला पळवणार, मग बसा हात चोळत, असं त्याचं म्हणणं. भीती मलाही होती. पण लेकीजवळ जायचं तर दुकान कुणावर तरी सोपवायला हवं, आणि दिराला चहाचा डाग आणि गंजाचा डाग यांतला फरक अजून कळत नाही.

ती शिकून आली आणि पहिल्याच दिवशी तिनं माझा चालता ब्रश मध्येच धरला. "मावशी, रेशीम ओलं असताना घासू नका, नुसतं टिपा. चमक जाते." मला मिरच्या झोंबल्या. तरी मी टिपलं, आणि घरी जाऊन बॅग भरली.

नात झाली तेव्हा मी लेकीच्या उशाशी होते. दुकानातून फोन मात्र येईना. न राहवून मीच केला. समोरच्या दुकानदारानं आपल्याकडे येतेस का म्हणून विचारलं होतं, इस्त्रीवालीनं आडपडदा न ठेवता सांगितलं.

"मग?"

"तुम्ही येईपर्यंत मी कुठे जात नाही. पुढचं तुम्ही आल्यावर बोलू. आता ठेवते, कामं पडलीत."

फोन ठेवला आणि माझे डोळे वाहायला लागले. दुकानात काही बिघडलं का, लेकीनं घाबरून विचारलं.

"काहीच बिघडलं नाही गं," मी म्हटलं. "माझ्यावाचून काहीच बिघडलं नाही."