जांभळ्या पडद्यामागचं दुकान

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खिडक्या भरल्या, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा भरल्या. आणि हे सगळं कशासाठी, तर आयकराचा फॉर्म भरून घ्यायला! एरवी त्या फॉर्मचं नुसतं नाव निघताच जी मंडळी विषय बदलतात, ती आज इस्त्रीचे कपडे घालून आली होती. कारण इथे एकही कागद आणावा लागत नव्हता. समोरच्या गादीवर साक्षात अंतर्यामी महाराज बसले होते, आणि त्यांना सगळं आपोआप दिसत होतं.

विधी सोपा होता. चिठ्ठीवर आपला कर क्रमांक आणि जन्मतारीख लिहायची. चिठ्ठी जांभळ्या पडद्यामागे गेली की थोड्या वेळाने आपल्या मोबाइलवर सहा आकडे 'उतरत'. ते दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून आत पाठवायचे. मग अंतर्यामी डोळे मिटत, कानटोपी सारखी करत आणि बोलू लागत. भर उकाड्यात कानटोपी का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"दोन बँका... एकीत जुनी ठेव आहे. विसरलास ना, बाळा?"

साठीतला बाळ कपाळावर हात मारून घ्यायचा. "खरंच विसरलो होतो, महाराज!"

लॅबवाली वहिनी तिसऱ्या रांगेत जांभया देत होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, म्हणून गल्लीत तिचं हे नाव पडलेलं. तिचा नवरा शिंपी. गादीमागच्या भिंतीलगतचं टेबल झाकायला तो जांभळा पडदा त्यानेच शिवून दिला होता, तोही फुकट, आणि आल्यागेल्याला त्याच्या चुण्या दाखवून झाल्या होत्या. बायकोचा मोबाइल आपल्याच खिशात ठेवून त्याने दोघांच्याही चिठ्ठ्या हौसेने आत पाठवल्या.

"शिंपी, तुझं सगळं स्वच्छ आहे," अंतर्यामी म्हणाले. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "पण तुझ्या बायकोच्या नावावर... दुकान दिसतंय. महिन्याच्या महिन्याला भाडं येतं."

हॉलभर 'अरे बापरे' झालं. शिंप्याचा चेहरा पडला.

"कसलं दुकान?" वहिनी ताडकन उठली. "माझ्या नावावर साधी सायकल नाही!"

"लपवलेलं धन घर पोखरतं, माई. पुढच्या रविवारी शुद्धी करून घ्या, मग दोघांचे फॉर्म जातील. दक्षिणा पडद्यापाशी सांगतील."

घरी आल्यावर शिंप्याने अबोला धरला. चार दिवस मशीनवर नुसती खडखड. पाचव्या दिवशी तोंड उघडलं ते असं, "बावीस वर्षं संसार केला आपण. मला एका शब्दाने सांगायचंस तरी."

"अहो, काय सांगू? नसलेलं दुकान?"

"त्यांनी बाकी सगळ्यांचं बरोबर सांगितलं. मग तुझंच तेवढं चुकलं होय?"

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुकान गेलं खड्ड्यात. पण बावीस वर्षांत ज्याच्याशी एकदाही खोटं बोलली नाही, त्या माणसाने कानटोपीवाल्यावर विश्वास ठेवावा, हे तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. चहाचा कप घेऊन ती लॅपटॉपपुढे बसली. म्हटलं, आपला फॉर्म आपणच भरावा. तिने आयकराचं संकेतस्थळ उघडलं, कर क्रमांक टाकला. मोबाइल वाजला. सहा आकडे! तिने ते टाकले आणि फॉर्म उघडला, तो निम्मा भरलेलाच. पगार, बँकेचं व्याज, सगळं कार्यालयाकडे आधीच पोचलेलं. आणि खालच्या ओळीत: दुकानाचं भाडं, महिन्याच्या महिन्याला.

वहिनी बघतच राहिली आणि मग खो खो हसत सुटली. असल्या चुका ती रोज बघायची. रक्त एकाचं, बाटलीवर चिठ्ठी दुसऱ्याची. कुणा भाडेकरूने मालकाचा कर क्रमांक कळवताना एखादं अक्षर चुकवलं होतं आणि दुकान हिच्या गळ्यात पडलं होतं. चूक कारकुनी होती. ती जशीच्या तशी अंतर्यामींना 'दिसली' होती!

फॉर्म अजून पाठवायचा होता. 'दुकानाचा पत्ता' हा रकाना रिकामा होता. वहिनीने त्यात एक पत्ता लिहिला, मसुदा जतन केला आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी ती नवऱ्याच्या आधी तयार. "महाराज, चुकले मी," तिने भर हॉलमध्ये हात जोडले. "दुकान कुठे आहे तेवढं सांगा. आत्ता जाऊन किल्ली आणते."

चिठ्ठी आत गेली, सहा आकडे उतरले, तेही आत गेले. अंतर्यामींनी कानटोपी सारखी केली आणि डोळे मिटले.

"दिसतंय... दुकान दिसतंय... पत्ता... जांभळ्या पडद्यामागे... भिंतीलगतच्या टेबला..."

ते थांबले. डोळे उघडले. तोवर अख्खा हॉल पडद्याकडे बघत होता.

शिंपी उठला. पुढे गेला आणि स्वतः शिवलेला पडदा त्याने कड्यांसकट खाली ओढला. मागे अंतर्यामींचे मेहुणे लॅपटॉप उघडून, तोंडाशी माइक धरून बसले होते. कुणीतरी कानटोपी खेचली. कानातून छोटासा इयरफोन घरंगळला.

"हा पत्ता मीच फॉर्ममध्ये लिहिला होता," वहिनी म्हणाली. "यांनी तो वाचला, बस्स. यांना जे दिसतं ते तुम्हालाही घरबसल्या दिसतं. नाही जमलं तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा, पण समजून घेऊन भरा. आणि ते सहा आकडे म्हणजे तुमच्या घराची किल्ली आहे. ती तुम्ही प्रसादासारखी वाटलीत!"

लोक खाली माना घालून उठले. मेहुणे त्याआधीच मागच्या दाराने पसार झाले होते.

घरी आल्यावर तिने तो पत्ता पुसला, दुकानापुढच्या 'ही माहिती माझी नाही' या चौकटीत खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला. शिंपी मागे उभा होता.

"अगं... चुकलंच माझं."

"चुकलंच."

"माझाही भरतेस?"

"नाही. तुम्ही भरा. मी शेजारी बसते."

तो बसला. एकेका बोटाने कर क्रमांक टाकला. मोबाइल वाजला. ती सहज डोकावली, तर त्याने झटकन मोबाइलचा पडदा छातीशी धरला.

"तुलाही दाखवायचे नाहीत ना?"

आठवडाभराचा राग तिच्या हसण्यात वाहून गेला. "नाही," ती म्हणाली. "मलासुद्धा नाही."