मधली शिवण

मी एक जुनी पुआन, म्हणजे हातमागावरचे कापड आहे, मित्रांनो. आणि तीही अर्धीच. फाटून अर्धे झालेले कापड वेगळे, त्याच्या कडेला दशा लोंबतात. माझ्या कडेवरून हात फिरवून बघा, किती सरळ आहे ती. माझा दुसरा अर्धा भाग लुशाई डोंगरातल्या एका उतारावर मातीखाली आहे. तिकडे पाऊस पडला की इकडे, चुलीवरच्या फळीवर ठेवलेल्या वेताच्या कोरड्या पेटीत, माझी ही एक कड ओली होते.

माझा जन्म दारखुमीच्या कमरेशी झाला. आमचा माग म्हणजे एक टोक खांबाला आणि दुसरे चामड्याच्या पट्ट्याने बाईच्या कमरेला. ती मागे रेलली की सूत ताणते, पुढे वाकली की सैल होते. माग बाईच्या अंगाएवढाच रुंद, म्हणून एका वेळी अर्धीच पुआन विणून होते. असे दोन पाट विणायचे आणि मधोमध शिवायचे. मग ती पुआन नेसा, पांघरा, नाहीतर पोर पाठीशी बांधा.

मी पोर बांधण्यासाठीच होते. दारखुमीला दिवस गेले होते आणि पट्टा तिच्या पोटाखालून जायचा. आतून लाथ बसली की माझे सूत थरथरायचे.

"अगं, तू विणतेयस की ते पोर?" तिचा नवरा थांगवेला हसायचा.

"दोघं मिळून विणतोय. तू आपला नुसता बघत बस," ती म्हणायची.

शिवणीलगतची एक पट्टी तेवढी पांढरी ठेवून बाकीचे सूत तिने स्वतः निळीत बुडवून रंगवले होते, त्यामुळे तिची बोटे नखांपर्यंत निळी झाली होती. मधली शिवण तिने दुहेरी धाग्याने घातली. उसवून पोर पडायला नको, म्हणून. शेवटची गाठ दातांनी तोडून तिने मला गालाशी धरले. थोड्याच दिवसांत तिला मुलगी झाली, आणि मुलीचे तोंड पाहण्याआधीच ती गेली.

त्या काळी बाळंतपणात बाई गेली की सारा गाव कामे टाकून दारे लावून बसत असे. तिला गावाच्या वेशीबाहेर पुरत. तिच्या वस्तू तिच्याबरोबर जात. आणि मित्रांनो, दूध पाजायला कुणी धजत नसल्याने तिचे पोरही तिच्या कुशीत ठेवत. ती माणसे निर्दय नव्हती. त्यांना दुसरे काही माहीतच नव्हते. थांगवेला मुलीला हातात घेऊन खड्ड्याशी उभा होता आणि त्याचे हात खाली जात नव्हते.

तेवढ्यात झुआली धावत आली. ही मिशनच्या शाळेत शिकलेली पोर. विशीसुद्धा गाठली नव्हती. प्रभूची गोष्ट सांगायला आणि अक्षरे शिकवायला ती पेरणीपूर्वी गावात आली होती, आणि भात कापून झाले की परत जाणार होती. तिच्या टोपलीत पुस्तक, पाटी आणि तांदूळ होते. तिच्या गावच्या बायकांनी रोज चूल पेटवताना एकेक मूठ बाजूला काढून ते तांदूळ साठवले होते. त्या मुठींवरच तिचा हंगाम चालायचा. ती साइतूनी नावाच्या वयस्क विधवेकडे राहायची आणि तिला पी, म्हणजे आजी, म्हणायची. "गाणी गोड आहेत गं तुझी पोरी," साइतूनी म्हणायची, "फक्त दोन गाण्यांच्या मधे बोलत नको जाऊस."

झुआलीने थांगवेलाच्या हातातून मुलगी घेतली. गुंडाळायला काहीच नव्हते. खड्ड्याच्या काठावर मी घडी घालून ठेवलेली होते. तिने मला उचलले.

"ती पुआन तिची आहे!" साइतूनी ओरडली. "ती तिच्याबरोबर जायची!"

"कापडाला काय कळतं, पी?" झुआली म्हणाली आणि मुलीला पाठीशी घेऊन तिने छातीवर गाठ मारली.

मला कळत होते, मित्रांनो. गाठ मारताना माझ्यावर चार हात होते. दोन ऊबदार, घाईचे. आणि दोन थंड.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, धुके वेशीतून आत सरकायला लागले की ते हात यायचे. मुलीच्या मानेखालची माझी घडी सरळ करायचे. गाठ सैल झाली असेल तर ओढून घट्ट करायचे. झुआलीला वाटायचे, आपणच केले. पण माझ्या पांढऱ्या पट्टीवर निळ्या बोटांचे ठसे उमटू लागले. झुआली ओढ्यावर मला घासून धुवायची. दुसऱ्या दिवशी ठसे पुन्हा हजर.

"हे काय आहे?" साइतूनीने एकदा विचारले.

"शाई असेल."

"तुझ्याकडे पाटी आहे बाई. शाई कुठनं आणलीस?"

त्या दिवशी झुआलीने प्रार्थना जरा मोठ्या आवाजात म्हटली.

खरी काळजी मात्र ठशांची नव्हती. मुलगी उपाशी होती. झुआली त्या मुठींच्या तांदळाची पेज गाळून बोटाने तिच्या जिभेवर सोडायची. पण एवढ्याशा जिवाला पेज किती पुरणार? माझ्या घडीत तिचे वजन रोज कमी होत होते. आधी ती रडायची, मग कुरकुरायची, मग तिचा आवाज कानाशी डास यावा एवढाच उरला.

शेजारच्या वानछिंगीचा मुलगा अंगावर पीत होता. झुआली तिच्या दारात जाऊन उभी राहिली. वानछिंगीने दार अर्धेच उघडले. तिची चोळी भिजलेली होती.

"बघ," ती चिडून म्हणाली. "तुझी ती पोरगी रडली की माझं दूध वाहायला लागतं. कान झाकले तरी वाहतं. मला काय दगड समजलीस?"

"मग घे ना तिला. एकदाच."

"आणि तिची आई? आपली पुआन शोधत माझ्या दारात येईल त्याचं काय? जाताना माझा मुलगा घेऊन जाईल. नाही गं. नाही." दार लागले. आतून हुंदका ऐकू आला.

झुआली घरी येऊन चुलीपुढे बसली. "मेलेलं माणूस कापड मागायला येत नाही, पी. हेच तर सांगायला मी आलेय. मी ती पुआन परत दिली तर माझं सांगणंच खोटं ठरेल."

साइतूनीने चिलीम झटकली. "तू नको मानूस. पण पोरी, ज्यांना दूध आहे त्या मानतात. तुझ्या खरेपणानं हिचं पोट भरत असेल तर पाज तिला."

झुआलीने मला उलगडून मांडीवर पसरले आणि मधल्या शिवणीवरून बोट फिरवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वेशीबाहेर गेलो. भर दुपारी धुके इतके दाट होते की उतार दिसत नव्हता. मुलगी साइतूनीच्या कुशीत होती. वानछिंगी मागून आली, पण वेशीच्या खांबाला धरूनच थांबली. थडग्यापाशी बसून झुआली म्हणाली, "दारखुमी, मला तुझी भीती वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडी वाटते. पण तुझी मुलगी थंडीनं गारठते. सगळी नाही देता येणार. अर्धी घे."

तिने सुईने माझी शिवण उसवायला सुरुवात केली. दुहेरी धागा, टाके हट्टी. एकेक टाका जेमतेम सुटत होता.

आणि मित्रांनो, माझे दुसरे टोक गवतात, थडग्याकडे पडले होते. तिकडूनही टाके सुटू लागले. टप, टप. सावकाश, कसलेल्या हाताने. कुठला टाका कसा घातला हे ज्या हाताला ठाऊक, तो हात चुकत नाही. इकडून झुआली उसवत आली, तिकडून ती. मधोमध एकच टाका उरला. झुआलीने सुई खाली ठेवली. तो टाका आपोआप सुटला.

साइतूनी पुटपुटली, "वाटणी मान्य आहे तिला."

झुआलीने एक पाट मातीत ठेवला. माती लोटली तेव्हा मला एकदा गार वाटले आणि एकदा, कसे सांगू, ऊब लागली.

वेशीवरून वानछिंगी चालत आली. वाटेतच तिने चोळीची गाठ सोडली होती. साइतूनीच्या हातातून मुलीला ओढून घेत ती तिथेच, थडग्याशेजारी, गवतात बसली. "ये गं भवाने," ती रडत म्हणाली. "किती छळलंस." मुलीने तोंड लावले. धुक्यात तिच्या घोटांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

भात कापणीच्या वेळी मिशनचे एक वडीलधारे, पू म्हणजे आजोबा चालहुना, डोंगर चढून आले. झुआली मुलीला पाठीशी बांधून शेतात पेंढ्या उचलत होती.

"भुताला कापड वाहिलंस म्हणे," ते कठोरपणे म्हणाले. "अशी माणसं आम्ही पुन्हा पाठवत नाही."

"आईला दिलं, पू," झुआली म्हणाली. "ज्यांच्या मूठमूठ तांदळावर मी इथं आले, त्याही आयाच आहेत. त्यांना विचारा मी चुकले का. त्या हो म्हणाल्या तर पाठवू नका."

पू चालहुना बोलायला तोंड उघडणार, तोच तिच्या छातीवरची माझी गाठ जराशी आवळली गेली. झुआलीचे दोन्ही हात पेंढीत होते. ते त्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

"वारा आहे," ते म्हणाले.

"हो, पू."

वारा नव्हता. पुढच्या हंगामात झुआलीला पुन्हा पाठवले गेले, आणि नंतरच्याही.

ती मुलगी वाढली. तिचे नाव दारी ठेवले. तिने माझ्यात आपली पोरे वागवली, त्या पोरांनी आपली. माझी गाठ कधी सुटली नाही आणि कुणाचे पोर कधी पडले नाही. मग दुकानातली कापडे आली, मी पेटीत गेले. वर्षानुवर्षे मला कुणी ऊनही दाखवले नाही.

आता दारीची नात रुआती मला नवा पाट जोडू म्हणते. म्हणजे पणजीची पुआन पूर्ण होईल. तिचे मन चांगले आहे. पण मित्रांनो, तुम्ही तिला सांगाल का? मला ऊन द्या, वाळवीपासून जपा, पोर बांधायला खुशाल वापरा; वापरात राहिले तरच मी टिकेन. फक्त माझी ही कड मोकळी राहू द्या. ती जागा कुणाची तरी आहे. जुन्या वस्तूत उणे दिसते ते प्रत्येक वेळी भरून काढायचे नसते.

रुआतीचे दिवस भरत आले आहेत. आज सकाळी तिने पेटी उघडली तेव्हा माझ्या ओल्या कडेवर एक निळा ठसा होता. तिने तो बोटाने पुसून पाहिला आणि म्हणाली, "अरेरे, रंग जातोय हिचा."

माझा रंग जात नाही, मित्रांनो. बाळाची तयारी सुरू झाली आहे.