मका पाचव्या खणात गेला

मित्रांनो, मी एक जुना डॅशबोर्ड आहे आणि मी रागावलेला आहे. आपली हकीकत सांगायला बसलेले बहुतेक जण आधी जन्म सांगतात आणि मग हळूहळू रडू लागतात. मला रडायचे नाही. मला भांडायचे आहे.

फोनमध्ये नोंदी लिहून ठेवायचे एक अ‍ॅप असते. ते उघडल्यावर जे पहिले पान दिसते, ते पान म्हणजे मी. माझ्यावर चौकोनी खण असतात. कोणता खण कुठे ठेवायचा, केवढा करायचा, त्याला कोणता रंग द्यायचा, हे ज्याचा फोन असेल त्याने ठरवायचे. मला घडवणाऱ्यांनी माझी हीच थोरवी गायली होती. ज्याचा फोन असेल त्याने. हे शब्द नीट ऐकून ठेवा, कारण माझे सगळे भांडण याच शब्दांवरून आहे.

मी इंदापूर तालुक्यातल्या सणसर गावी कुशाबाईच्या फोनमध्ये राहतो. कुशाबाईची सत्तरी उलटली आहे. तिची नात उत्कर्षा पहिलीत असताना एकाच पाटीवर दोघी अक्षरे गिरवायच्या. वरच्या अर्ध्या पाटीवर नात, खालच्या अर्ध्या पाटीवर आजी. उत्कर्षा पुढे बारामतीला कॉलेजात गेली, नवा फोन आला, तेव्हा कोपरा फुटलेला जुना फोन तिने आजीला दिला आणि त्यात मला बसवले. खणावर बोट दाबून धरायचे, खण थरथरला की ओढून हवा तिथे न्यायचा, हे तिने एकदा दाखवले. दुसऱ्यांदा दाखवावे लागले नाही.

कुशाबाई मला घेऊन मोटारीच्या खोलीत गेली. तिच्या रानात ठिबक आहे. खोलीत फिल्टरच्या पुढे पाण्याचे पाच कॉक एका रांगेत आहेत. पहिला उसाचा, दुसरा मक्याचा, तिसरा घासाचा, चौथा भाजीचा आणि अगदी टोकाचा डाळिंबाचा. ती कॉकांसमोर पोत्यावर बसली आणि कॉक ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने तिने माझ्यावर पाच खण मांडले. उसाला हिरवा रंग, मक्याला पिवळा, असे करत डाळिंबापर्यंत आली. उत्कर्षाने आधीच सोय करून दिली होती, की ज्या पिकाची पाण्याची पाळी असेल त्या खणावर त्या दिवशी 'आज' हा शब्द आपोआप उमटेल.

त्यानंतर तिचे काम कसे चाले ते सांगतो. चष्मा ती घरीच ठेवी, कारण फिल्टर धुताना तुषार उडून काच भरून जाई. डाव्या हातात मला धरून ती कॉकांसमोर उभी राही. 'आज' दुसऱ्या खणावर असेल तर उजवा हात दुसऱ्या कॉकवर जाई. ती खणावरचे नाव वाचत बसत नसे. स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुणी वाचून काढतो का? हात जातो.

कित्येक उन्हाळे आम्ही असे काढले. तिचा मुलगा युवराज बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातो. तो पाहुण्यांना सांगायचा, "पाण्याचं खातं आईकडं. आपण त्यात बोटबी घालत न्हाय." मोटारीच्या खोलीची किल्ली कुशाबाईच्या कमरेला असे. तेव्हा मला वाटे, माझ्याइतके सुखी पान साऱ्या फोनांत नसेल.

मग ते मार्गशीर्षातले दिवस आले. डाळिंबाला ताण दिला होता. ताण म्हणजे ठरवून तोडलेले पाणी. झाड तहानेने पाने गाळते, मग छाटणी करून पाणी सोडले की अंगभर कळी धरते. मध्येच पाणी मिळाले तर झाडाला वाटते तहान संपली, आणि ते कळीऐवजी नुसती पालवी काढत सुटते. म्हणून कुशाबाईने डाळिंबाचा खण लालभडक करून त्यावर 'पाणी बंद' असे लिहून ठेवले होते.

त्या रविवारी उत्कर्षा घरी आली. आजी गोठ्यात होती. उत्कर्षाने सहज फोन उचलला, मला उघडले आणि म्हणाली, "अगं बाई, केवढा भडकपणा हा!"

मित्रांनो, मी सजावटीच्या विरुद्ध नाही. पण तिने माझे काय केले ते ऐका. माथ्यावर तिने बर्फाच्या डोंगरांचे चित्र लावले. सणसरच्या शिवारात बर्फ! शेजारी घड्याळ लावले, जे फोनवर आधीच होते. माझे हिरवे, पिवळे, लाल रंग पुसून सगळ्या खणांना एकच फिका राखाडी रंग दिला. अक्षरे बारीक केली, कारण बारीक अक्षरे नाजूक दिसतात. आणि शेवटी आजीला सापडायला सोपे जावे म्हणून खण अक्षरांच्या क्रमाने लावले. ऊस, घास, डाळिंब, भाजी, मका.

मका पाचव्या खणात गेला.

आजी आत आली तशी उत्कर्षा म्हणाली, "आजी, तुझं पान सुंदर केलं बघ."

कुशाबाईने दुरूनच डोंगर पाहिला. "बरं दिसतंय गं. गार वाटतंय," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. फक्त कपडे बदललेत, असे तिला वाटले.

सोमवारी उसाची पाळी होती. ऊस पहिला होता, पहिलाच राहिला होता. काही बिघडले नाही. मंगळवारी मक्याची पाळी आली. मी 'आज' हा शब्द मक्यावर उमटवला, कारण तेवढेच माझ्या हातात होते. कुशाबाई कॉकांसमोर उभी राहिली. 'आज' पाचव्या खणावर पाहून ती थांबली. "डाळिंबाला आज?" ती पुटपुटली. युवराजने ताण तोडायचे ठरवले असेल आणि फोनमध्ये घातले असेल, असे तिला वाटले असावे. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू म्हंतोस तर सोडते." तिने पाचवा कॉक उघडला.

मित्रांनो, माझ्यावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता, आणि तो ठेवला त्याच दिवशी मी दुसऱ्याने लावलेला होतो. त्या वेळचा राग अजून माझ्या काचेखाली तसाच आहे.

पुढच्या आठवड्यात, घासाची पाळी यायच्या आधीच, मका करपू लागला आणि डाळिंबाला कोवळी पालवी फुटली. युवराज बांधावरून तरातरा घरी आला.

"आई, डाळिंबाला पाणी कुणी सोडलं?"

"मी. तूच तर फोनात घातलं हुतंस."

"मी? मी कवा घातलं?" त्याने फोन घेतला, मला उघडले आणि तिच्यापुढे नाचवला. "हे बघ, डाळिंबावर 'पाणी बंद' लिवलंय. मंगळवार मक्याचा हाय, हितं स्वच्छ दिसतंय. तुला दिसलं न्हाय?"

"मला तर डाळिंबावर दिसलं."

"मग झालं," युवराज म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊपणा ओरडण्यापेक्षा वाईट होता. "वय झालं की हुतं असं. तुझी चूक न्हाय. आता हे ऱ्हाऊ दे, तुला झेपत न्हाय."

मी तिथेच होतो. त्याने पाचही खण पाहिले. ते कॉकांच्या क्रमाने नाहीत, हे त्याच्या ध्यानात यायला हवे होते. पण पाण्यात बोट न घालणाऱ्याला कॉकांचा क्रम कुठून माहीत असणार? त्याने किल्ली गड्याला, म्हस्कूला दिली आणि मला बंद पडलेल्या चार्जरांसोबत ड्रॉवरमध्ये टाकले.

ड्रॉवरमधून दिसत नाही, पण ऐकू येते. म्हस्कू सकाळी किल्ली वाजवत यायचा आणि हसत म्हणायचा, "काय मावशी, आज कुणाच्या रानात सोडू पाणी?" पहिल्या दिवशी कुशाबाई म्हणाली, "तुझ्या सासऱ्याच्या." दुसऱ्या दिवसापासून ती काही म्हणाली नाही. सुनेला, माधवीला, ती विचारू लागली, "भाजीत मीठ घातलं का गं मी?" माधवी सांगे, "घातलं की आत्या." थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. आणि एका दुपारी घरात कुणी नव्हते तेव्हा मी तिला मोठ्याने घोकताना ऐकले. गोठ्यातल्या म्हशींची नावे. मग नातेवाइकांची नावे. मग आपल्या मेलेल्या बहिणींची. प्रत्येक नाव आठवले की ती थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मित्रांनो, बहार गेला तर पुढच्या वर्षी येतो. ज्या डोक्याने सारे रान वागवले त्या डोक्यावरचाच भरवसा एका बाईकडून काढून घेतला होता, आणि तोही तिची काही चूक नसताना. मला तोंड असते तर मी ड्रॉवर फोडून ओरडलो असतो.

महिना गेला. युवराजने बारामतीच्या डॉक्टरची वेळ घेतली, आईची विसराळूपणाची तपासणी करायला. उत्कर्षा सुट्टीला आली होती. डॉक्टरला सांगायचे सगळे लिहून ठेवू म्हणून तिने मला बाहेर काढले.

"ते ऱ्हाऊ दे बाय," कुशाबाई म्हणाली. "मला त्यातलं आता कळत न्हाय."

"काय कळत न्हाय? चल, तू कसं करायचीस ते दाखव मला."

दोघी मोटारीच्या खोलीत आल्या. कुशाबाईने नेहमीसारखे मला डाव्या हातात धरले. "समज मक्याचा दिवस हाय," ती म्हणाली. तिचा उजवा हात दुसऱ्या कॉकवर गेला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने दुसरा खण दाबला. आत घासाची नोंद उघडली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "हितं मका हुता," ती हळूच म्हणाली. "दुसरा कॉक, दुसरा खण. टोकाला डाळिंब. मी हितं बसून लावलं हुतं."

उत्कर्षाने कॉकांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरलेले मला दिसले, आणि मला वाटले, आता सुटलो.

ती म्हणाली, "आजी, अपडेट आलं असेल. अ‍ॅप आपोआप बदलतं कधी कधी."

आपोआप! मी आजवर एकही खण आपोआप हलवलेला नाही. कुशाबाई फिल्टर बघायला वळली तेवढ्यात उत्कर्षाने घाईघाईने पाचही खण ओढून जागेवर लावले आणि फोन आजीच्या हातात दिला. कुशाबाईने माझ्याकडे पाहिले, मग बराच वेळ नातीकडे पाहिले.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. युवराज म्हणाला, "उद्या धा वाजता निघू आई. डॉक्टर चांगला हाय."

कुशाबाईने भाकरी मोडता मोडता विचारले, "उत्कर्षा, अपडेट म्हंजे काय गं?"

"आजी..."

"तुझ्या बापाला सांग. त्येला बी कळू दे."

उत्कर्षाचा घास हातातच राहिला. "पप्पा, त्या रविवारी मी आजीचा फोन नीट केला होता."

"बरं मग?"

"नीट नव्हता केला." आणि मग तिने सगळे सांगितले. रंग, अक्षरे, मका. खाली मान घालून, पण सगळे.

युवराज उसने हसून म्हणाला, "एवढंच ना. पण आई, तूबी चष्मा लावून बघायचं ना जरा."

कुशाबाईने ताट सरकवले. "मी बघायला पायजे हुतं, व्हय. पण युवराज, तू मला फोन दिला असता तर मी घरातल्या घरात चष्मा लावून बघितलं असतं. तू दाखवलास आणि काढून घेतलास. म्हयनाभर मी म्हशींची नावं घोकतीया, का, तर इसरून जाईन म्हणून. आणि ह्या पोरीनं दुपारी मला बघितलं, वळखलं, आणि तरी अपडेट सांगितलं." तिने हात पुढे केला. "किल्ली."

"म्हस्कूकडं हाय. उद्या सकाळी..."

"आत्ता."

युवराज जेवणावरून उठला. दारातून त्याने विचारले, "आणि उद्याचा डॉक्टर?"

"येती की. गुडघं दाखवायचंत."

युवराज गेला. उत्कर्षा आजीच्या मांडीवर डोके ठेवून रडली. कुशाबाईने तिला थोपटले नाही, ढकललेही नाही. रडून झाल्यावर म्हणाली, "आता भांडी घास."

मित्रांनो, माझा राग गेला का, असे विचाराल तर नाही. त्या वर्षीची कळी आलीच नाही, आणि कुशाबाई अजूनही अधूनमधून मिठाचे दोनदा विचारते. किल्ली परत मिळाली, पण तेवढे एक राहून गेले आहे.

तुमच्या घरात कुणाचा तरी फोन असेल, कपाट असेल, देव्हारा असेल, डब्यांची फळी असेल. तुम्हाला ते ओबडधोबड दिसेल आणि तुमचे हात शिवशिवतील. तेव्हा प्रेमाने सुद्धा हात लावू नका. आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, हे इथे का आहे? सांगायला त्याला वेळ लागेल. तोवर हात मांडीवर ठेवा.