अर्धापुरात अगराचं झाड

"सर, हे झाड मुळात जिथलं आहे, तिथं पाऊस किती पडतो?"

मागं बसलेल्या माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना, उजमा आणि ऋतुजाला, वाटलं होतं मी उठणारच नाही. म्हणूनच त्यांनी पैज लावली. मी उठले, आणि वर माइकही मागून घेतला. दहावीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटत नव्हता. गेले ते दिवस.

मंगल कार्यालय केळीवाल्या शेतकऱ्यांनी भरलेलं. स्टेजवर अगराची रोपं खपवायला आलेले नर्सरीवाले भागवत सर, ऐन मे महिन्यात कोट घालून. शेजारी कुंडीत अगराचं एक रोप, आणि त्याच्यावर सारखा बाटलीनं पाणी फवारणारा त्यांचा माणूस.

"बाळा, अगर म्हणजे ऊद. त्याचं अत्तर होतं," सर म्हणाले. "आन् पावसाचं काय घेऊन बसलीस? आपल्याकडं ठिबक हाय की."

टाळ्या पडल्या. ठिबकला टाळ्या. कोण लोक आहेत हे?

"ठिबक मुळाला पाणी देतं सर, हवेला नाही. हे आसामकडच्या सदाहरित जंगलातलं झाड. रोप असताना डोक्यावर मोठ्या झाडांची सावली लागते, हवेत ओल लागते. आपल्याकडं उन्हाळ्यात काय असतं? म्हणून तर तुमचा माणूस मघापासून फवारून राहिलाय. आणि निरोगी अगराचं लाकूड पांढरं, हलकं, बिनवासाचं. खोडाला जखम होऊन बुरशी लागली तर कुठं आत काळी, वासाची राळ धरते; अत्तर तिचंच. तीही धरेलच असं नाही. हे तुमच्या पत्रकात का नाही?"

मागून उजमा हळूच म्हणाली, "बस कर गं, रडंल तो."

तो कशाला रडतोय. कोट नीट करून त्यानं विचारलं, "कुणाची पोरगी ही?"

सगळ्या माना पुढच्या रांगेत बसलेल्या माझ्या बाबांकडं वळल्या. भागवतांनी लगेच माइकवर पुकारलं, "प्रगतिशील शेतकरी शेषेराव यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं."

फेटा, शाल, नारळ, फोटो. व्यापाऱ्याशी केळीच्या भावावरून तासभर भांडणारे माझे बाबा खांद्यावर शाल पडताच मऊ झाले. खाली उतरायच्या आत त्यांनी नाव नोंदवलं. विहिरीजवळची सगळी केळी काढून तिथं अगर.

बाबा घरी आले तरी फेटा डोक्यावरच.

"केळी काढायची?" आईनं विचारलं. "घर कशावर चालतं आपलं?"

"समद्या गावासमोर सत्कार केला त्यांनी. आता न्हाई कसं म्हणू?" मग माझ्याकडं वळून, "तू लई बोललीस तिथं."

"हाव, बोलले. कमीच बोलले."

उन्हाळी वाऱ्यानं पानं फाटू नयेत म्हणून बागेभोवती दाट शेवरी लावणारा हा माणूस. इथली झळ झाडाला काय करते हे त्यांना मी सांगायचं? सगळं माहीत आहे त्यांना. फक्त फेट्याखाली काही सुचत नव्हतं.

"सोमवारी माणसं येतील केळी काढायला," बाबा पुटपुटले.

आई माझ्याकडं बघत राहिली. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"माणसं येणार नाहीत. उद्या सकाळी मी भागवतांच्या ऑफिसात जाऊन आपलं नाव काढून येणार आहे. सत्कार तुमचा झालाय बाबा, माझा नाही. मला न्हाई म्हणायला काही जड जाणार नाही."