मायागडावरचे पंधरा दिवस

ऐकवणं हे माझं काम, बोलणं नाही. पण पुंडलिकनगरातल्या मोनिकाचं लग्न कसं ठरलं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आज मी, तिचा जुना हेडफोन, तोंड उघडतोय. तोंड म्हणजे माझ्या डाव्या बाजूची ती वाकडी दांडी. तिच्या टोकाला माझा माईक आहे.

जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून सरकताना पुढंमागं माझ्यासारखेच हजारो होते, आणि मग एकदम खोक्यातला अंधार. उजेड पाहिला तो शहागंजात, कमरोद्दीनचाचांच्या दुकानात. तिथं काचेच्या कपाटात चार महिने काढले. लोक यायचे, मला डोक्यावर चढवायचे, आरशात मान इकडंतिकडं वळवून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. माणसं हेडफोन कानानं कमी आणि आरशानं जास्त निवडतात.

मोनिकानं आरशाकडं बघितलंच नाही. ती आणि तिची मैत्रीण अरफा, दोघी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मोटारीच्या भागांचे आराखडे काढतात. मोनिकानं मला कानावर ठेवलं, गाणं सुरू केलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "अरफा, काहीतरी बोल."

अरफा म्हणाली, "तेरेकु भूक नहीं लगी क्या? मेरी तो जान जा री. चल ना, कितना वखत लगाती!"

"काहीच ऐकू आलं नाही," मोनिका खूश होऊन म्हणाली. "चाचा, हाच द्या."

असा मी पुंडलिकनगरात आलो. मोनिकाचं टेबल बैठकीला लागून असलेल्या खोलीत होतं. दिवसा तिच्या ऑफिसच्या मिटिंगा मी ऐकायचो. तेव्हा तिचा आवाज इस्त्री केल्यासारखा असायचा. संध्याकाळी सात वाजता गेम सुरू झाला की तोच आवाज बाह्या सरसावून बसायचा. मला ती दुसरी मोनिका जास्त आवडायची.

तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं. दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्याला तिचं गेम खेळणं पोरकट वाटलं. दुसऱ्याला मात्र सगळंच पसंत होतं. मोनिका म्हणाली, मी गेम खेळते. तो म्हणाला, छान. ती म्हणाली, नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला, छान. मग तिनं मुद्दाम सांगितलं की मला पहाटे चारला मोठ्यानं गायची सवय आहे. तरी तो म्हणाला, छान. "आई, याच्याशी भांडायचं कसं?" असं म्हणून मोनिकानं ते स्थळ परत पाठवलं. तिची आई रत्नमाला दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही.

तिसरं स्थळ जालन्याचं. मुलाचं नाव विश्वजीत, बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. सोबत त्याची आई आवडाबाई. चहा-फराळ झाला, पाऊसपाणी झालं, आणि मग दोघांना बोलायला म्हणून माझ्या खोलीत पाठवलं. दार अर्थातच सताड उघडं.

पाहुणा आधी खुर्चीच्या कडेवर टेकला. मग विश्वजीतनं विचारलं, "रिकाम्या वेळात काय करता?"

"गेम खेळते. ऑनलाइन."

"कोणता?"

"जुना बंद पडला. आता तो नवीन 'मायागड' आलाय ना, तो घ्यावा का बघतेय. पण उगाच वेळ घालवायचा नाहीये. आधी कळायला पाहिजे, खेळण्यासारखा आहे का नाही."

"मीही त्याच विचारात आहे," तो म्हणाला. आणि घाईघाईनं पुढं म्हणाला, "म्हणजे गेमच्या."

मोनिका हसली. त्याचे कान लाल झाले. कान मी फार बारकाईनं बघतो.

"पंधरा दिवस खेळून बघू," तीच म्हणाली. "मग दोघांनी आपापलं खरं मत सांगायचं."

बाहेर मोनिकाचे वडील नानासाहेब पाहुण्यांना सांगत होते, "पंधरा दिवसांत कळवतो." दोन्ही निकाल एकाच रविवारी लागायचे होते.

मायागड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. देशभरातली हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जादूच्या मुलखात उतरतात. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, टोळी करायची, राक्षसांशी लढत गडाचे दरवाजे एकेक करून उघडायचे. मोनिका ढाल-तलवारवाली योद्धा झाली. रत्नमालानं अट घातली होती की दोघांनीच नाही, अरफा सोबत पाहिजे. अरफा तिरंदाज झाली आणि म्हणाली, "देखो, ये पहली करवली है जो तीरकमान लेके आई." विश्वजीतनं वैद्य घेतला. वैद्यानं मागं राहायचं, जखमा भरायच्या, पडलेल्याला उठवायचं. हे काम सहसा कुणी मागून घेत नाही.

"तलवार का नाही घेतली?" मोनिकानं विचारलं.

"सगळेच तलवार घेतात. मग तुम्ही पडलात तर उठवणार कोण?"

पहिले दोन दिवस आमची टोळी सारखी मरत होती, आणि त्याला कारण होतं अहो-जाहो. मोनिका म्हणायची, "विश्वजीत, तुमच्या पाठीमागं बघा, तुमच्यावर—" तोवर राक्षसाचा सोटा त्याच्या टाळक्यात बसलेला असायचा. पाचव्यांदा तसं झालं तेव्हा अरफा वैतागली. "अरे तुम लोग मरो मत तमीज में! अहो नक्को, जाहो नक्को. सीधा बोलो, मागं बघ!"

तिसऱ्या दिवशी मोनिका ओरडली, "मागं बघ!" विश्वजीत वाचला. त्यानंतर 'तुम्ही' पुन्हा आलं नाही.

घरात मात्र घबराट होती. बंद दारातून मोनिकाचा आवाज बाहेर जायचा. "मार त्याला! सोडू नको! अरे मी मेले, उठव मला!" रत्नमाला हातातलं पोळपाट तसंच घेऊन दाराशी यायची. एकदा तिनं नानासाहेबांना आत पाठवलं.

नानासाहेब खुर्चीमागं उभं राहून संगणकाचा पडदा बघू लागले. आमचं तेव्हा रानडुकरं मारण्याचं काम चालू होतं. मायागडात सुरुवातीला तेच तेच करावं लागतं. चाळीस डुकरं मारा, मग साठ मारा. तिघंही कंटाळली होती. पण नानासाहेबांचा फुलंब्रीकडं मका होता, आणि डुकरांनी गेल्या महिन्यात त्याची पार नासाडी केली होती.

"हे काय, डुक्कर हाय का?" ते पुढं वाकले.

"हो, नाना."

"सरक जरा."

त्यांनी मला उलटं घातलं, माईक छताकडं. पुढची वीस मिनिटं नानासाहेबांनी एकट्यानं सदतीस डुकरं लोळवली. प्रत्येकाला ते काहीतरी म्हणत होते, ते मी इथं सांगणार नाही. पलीकडून विश्वजीत शांतपणे त्यांच्या जखमा भरत होता. शेवटी नानासाहेबांनी विचारलं, "हे मागून औषधपाणी कोण करतंय?"

"तो विश्वजीत," मोनिका म्हणाली.

"पोरगं कामाचं दिसतंय," असं म्हणून ते बाहेर गेले. रत्नमालानं विचारलं, आत काय चाललंय? ते म्हणाले, "काय नाय, डुकरं लई माजलीत."

दिवस जात होते तसा खेळ उलगडत होता. खरं सांगायचं, तर मायागड दिसायला फार देखणा होता. जंगलातून चालताना पानांवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज आधी डाव्या कानात, मग उजव्या कानात यायचा. इतकं सुरेख काम माझ्याकडून आजवर कुणी करून घेतलं नव्हतं. मोनिका तर कधीकधी लढाई सोडून नुसती उभी राहायची. दरवाजे उघडतानाही मजा यायची. तिथं एकट्याचं काही चालत नाही, आठ जणांनी एका ठेक्यात लढावं लागतं. केरळचा कुणी, गुवाहाटीची कुणी, कधी न पाहिलेली माणसं मोडक्या हिंदीत एकमेकांना सांभाळून घ्यायची.

पण त्या खेळाला एक खोड होती. गडावर प्रत्येक खेळाडूच्या नावाचा एक दिवा असायचा. तो रोज येऊन लावायचा. एक दिवस चुकला की दिवा विझायचा आणि अंगातली निम्मी ताकद जायची. दहाव्या दिवशी कंपनीच्या कामासाठी विश्वजीत परतूरकडं शेतांवर गेला, दोन दिवस आलाच नाही. परत आला तेव्हा त्याच्या औषधांनी साधं खरचटलेलंही भरेना.

"हे काय?" तो चिडला. "कामाला गेलो म्हणून शिक्षा?"

"नियम आहे तो," मोनिका म्हणाली. तिचा दिवा एकदाही विझला नव्हता.

चौदाव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तिसरा दरवाजा होता. दीड तासाची लढाई, मध्ये थांबायची सोय नाही. आठ जण जमले. राक्षस मोठा होता, त्याला चार हात होते. मोनिका पुढं ढाल धरून उभी, अरफाचे बाण चाललेले, विश्वजीत एकेकाला उठवतोय. एक तास अठ्ठावीस मिनिटांनी राक्षसात केसाइतका जीव उरला. मोनिकाचा श्वास माझ्या माईकवर आदळत होता.

आणि जालन्याकडून आवाज आला, "विश्वाऽऽ! आरं शिडी पडली रं! मी माळ्यावर अडकले!"

आठही जणांच्या कानांवर तो आवाज पडला. अरफाचा बाण भलतीकडंच गेला.

"मी निघतो," विश्वजीत म्हणाला. "आपण हरणार. माफ करा." आणि त्यानं आपला हेडफोन ठेवून दिला.

वैद्य गेला. पुढच्या अर्ध्या मिनिटात मोनिकासकट सगळे आडवे झाले. केरळवाला एवढंच म्हणाला, "कोई बात नहीं, पहले अम्मा को उतारो." पण मोनिका पेटली होती. "दीड तास!" ती टेबलावर हात आपटत म्हणाली. "फक्त दोन मिनिटं राहिली होती! माळा काय पळून चालला होता?"

तेवढ्यात पलीकडं खुडबुड झाली.

"कोण बोलतंय?" आवडाबाई होत्या. सुखरूप खाली येऊन त्यांनी विश्वजीतचा हेडफोन कानाला लावला होता.

मोनिका खुर्चीत ताठ बसली. अरफानं हळूच, "अल्ला!" म्हटलं.

"मी... मोनिका बोलतेय."

"व्हय का! तुमचं काय नुकसान झालं म्हणं माझ्यापायी?"

"नाही, नाही. नुकसान कसलं. एक राक्षस राहिला मारायचा."

"मंग उद्या मारा. तो काय, तिथंच असल न्हवं?" आवडाबाई म्हणाल्या. "म्या हरभऱ्याची डाळ काढाय चढले होते. पुरणाचं करून पाठवते तुम्हाला. राग धरू नगा."

त्यावर चिडून तरी काय बसणार? मोनिका हसायला लागली ती थांबेना.

रविवारी सकाळी दहा वाजता निकाल होता. अरफाला तिनं येऊ नको म्हणून सांगितलं. मला नीट बसवलं, माईक तोंडासमोर घेतला.

"आधी मी सांगते," ती म्हणाली. "मला आवडला. सुरुवात रटाळ आहे, चालण्यात फार वेळ जातो. पण दरवाज्याच्या लढाईसारखं मी कुठल्याच गेममध्ये काही खेळलेले नाही. मी पुढं खेळणार. आता तू."

पलीकडं विश्वजीतनं खुर्ची सरकवली. मोनिकाचे कान तापले, ते मला आतून कळत होतं. तो काय म्हणेल ते तिला ऐकायचंही होतं आणि ऐकायचं नव्हतंही.

"मला नाही आवडला," विश्वजीत म्हणाला.

"का?"

"सुंदर आहे, कबूल. पण तो आपल्याला मोकळं सोडत नाही. रोज ये, नाहीतर कमजोर हो. खेळावंसं वाटलं म्हणून मी शेवटचा कधी बसलो, ते मला आठवत नाही. दिवा विझेल म्हणून बसत होतो. तुझ्याशी बोलायला मिळत होतं, ते वेगळं. पण तू गेमबद्दल विचारलंस, म्हणून खरं सांगतो. खेळण्यासारखा नाही."

"दिवा लावायला दोन मिनिटं लागतात!"

"तीच दोन मिनिटं काल आईनं माळ्यावर बसून राहायचं होतं का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

आणि मग जे भांडण जुंपलं, ते चाळीस मिनिटं चाललं. ती म्हणाली, तुला शिस्त नको आहे. तो म्हणाला, शिस्त वेगळी आणि धाक वेगळा. तिनं दिव्याचं शेवटी मान्य केलं, पण दरवाज्यांचं सोडलं नाही. त्यानं दरवाजे मान्य केले, पण मत बदललं नाही. मध्येच दोघांनाही हसू आलं, पुन्हा जुंपली. बाहेर रत्नमाला दाराला कान लावून उभी होती. तिच्या मते सगळं संपलं होतं.

मोनिकानं मला काढून टेबलावर ठेवलं आणि दार उघडलं.

"आई, त्यांना होकार कळव."

"अगं, आत्ता तर भांडत होतीस!"

"हो ना," मोनिका म्हणाली. "चाळीस मिनिटं. एकदाही छान म्हणाला नाही."

लग्न फाल्गुनात झालं. दोघांनी चिकलठाण्याच्या बाजूला नव्या इमारतीत घर घेतलंय, तिथून तिलाही जवळ आणि त्याला जालन्याची गाडीही सोयीची. मोनिका आठवड्यातून दोनदा मायागडावर जाते. तिनं दिव्याचा नाद सोडला. निम्म्या ताकदीनं लढते आणि म्हणते, यातच खरी कसरत आहे. विश्वजीत खेळत नाही. एखाद्या दरवाज्याला वैद्य कमी पडला, तरच कुरकुर करत येऊन बसतो. खेळण्यासारखा आहे का नाही, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. मला विचाराल, तर पंधरा दिवस खेळून बघा, आणि तुमचं मत खोडून काढणारं कुणीतरी सोबत घ्या.

माझं म्हणाल, तर आता उजवा कान गेला. गाद्यांची कातडी सोलली, दांडीला चिकटपट्टी लागली. मोनिकाकडं बिनतारेचा नवीन आलाय. मला वाटलं, आता अडगळ. पण आवडाबाईंनी मला मागून जालन्याला नेलं. दुपारचं काम आटोपलं की त्या मला घालून सुनेला फोन लावतात. पुरणापासून कंपनीतल्या साहेबापर्यंत सगळं बोलणं होतं. मजेत चाललंय.

फक्त एकच विनंती आहे, कुणीतरी त्यांच्या कानावर घाला. आवडाबाई, तुम्ही बोलता ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. जरा हळू बोला. माझा एक कान गेलाय, पण माईक अजून ठणठणीत आहे.