गोगलगायीचं तोंड

"वेल्डिंगला आणायची वस्तू ब्रेक साफ करायच्या फवाऱ्यानं कधी धुवायची नाही," वेल्डिंगवाले म्हातारे दॉन मोन्सेराते मला म्हणाले होते. "साबणानं धू, ॲसिटोननं पूस. तो फवारा आणि माझी ठिणगी एकत्र आली की जो वायू होतो ना, तो पूर्वी लढाईत माणसं मारायला सोडायचे."

मी "हो, हो" म्हणाले आणि माझ्या लेकीची, यारीची, पडलेली चोखणी शोधायला वाकले. मायाग्वेसच्या कॉलेजात मी दोन वर्षं रसायनशास्त्र शिकले आहे. दॉन मोन्सेरातेंनी आठवीत शाळा सोडलेली. शिवाय ते एकदा बोलायला लागले की थांबत नसत. बायको कशी गेली, वादळात छप्पर कसं उडालं, सगळं त्याच सुरात. त्यातलंच हे एक, असं मी धरून चालले.

खरं तर आठवडाभरात माझ्याशी बोलणारं तेच एक माणूस होतं. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत आणि माणसं चारांत. बाकीची वादळानंतर समुद्रापलीकडे फ्लोरिडात, ओर्लांडोला गेली, माझी आईसुद्धा. माझा नवरा एडगार्डो अग्वादियाच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि घरी आला की पडवीत त्याच्या वडिलांच्या जुन्या कोरोलाखाली शिरायचा. मला त्याचे पाय तेवढे दिसायचे. दिवसभर मी यारीला बघते. ती झोपली की तिचे श्वास मोजते. सात महिन्यांच्या बाळाला मिनिटाला चाळीसपर्यंत चालतात. मी ते दिवसातून दहा वेळा तरी मोजते.

कोरोलाला टर्बो बसवायचा होता. त्याच्या हवा दाबणाऱ्या बाजूचं ॲल्युमिनियमचं कवच असतं, त्याला आमच्याकडे सगळे गोगलगाय म्हणतात. ही गोगलगाय जागेवर नीट बसत होती, पण तिचं तोंड थेट ब्रेकच्या गोल डब्यावर आपटत होतं. तीन आठवडे एडगार्डो तिला फिरवून बघत होता.

"मग गाडी मोठी घे," मी म्हणाले.

"नेना," तो मला लाडानं असंच म्हणतो, "गाडी तीच राहणार. तोंड कापायचं आणि वर वळवायचं."

शुक्रवारी त्यानं तोंड कापलं. त्या जागी वाकडी नळी जोडायची होती, आणि आमच्या इसाबेला गावात पातळ ॲल्युमिनियम न वितळवता जोडणारे एकटे दॉन मोन्सेराते. शनिवारी त्याची पाळी होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला आनंदच झाला. हे एकदाचं झालं की गाडी सुरू होईल, गाडी सुरू झाली की पाय बाहेर येतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

गोगलगाय तेलकट होती, कापल्याचा चुरा आत अडकलेला. ॲसिटोनची बाटली रिकामी निघाली. फवारा मात्र हाताशी होता. मी आतल्या वळणांत, पार टोकापर्यंत मारला. काळं पाणी गळालं आणि ती चकचकीत झाली. मग धूळ बसू नये म्हणून, यारीच्या उकळलेल्या बाटल्या ठेवते तशी, मी ती ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड दाबून बंद केलं. उघड्यावर ठेवली असती तर वाळली असती.

दॉन मोन्सेरातेंच्या दुकानाच्या दाराशी कोरफडीची कुंडी होती, भाजलेल्या बोटांसाठी. त्यांनी पिशवी उघडली. वास आला असता तर कळलं असतं, पण महामारीत त्यांच्या नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही.

"वा, हिला आंघोळ घातलीस की. कशानं?"

यारी किरकिरत होती. मला पुन्हा व्याख्यान नको होतं.

"ॲसिटोननं."

"शाबास. नाहीतर तुझा नवरा, चिखलासकट आणून देतो." गोगलगाय उष्णतेनं वाकडी होऊ नये म्हणून ती जाड पोलादी पाटावर बोल्टांनी आवळत ते म्हणाले, "बाळाला घेऊन लांब जा. हा उजेड तिच्या डोळ्यांना चालायचा नाही."

मी तिला घेऊन समुद्रापर्यंत चालत गेले. तासाभरानं परत आले तेव्हा त्यांनी गोगलगाय एका जुन्या घोंगडीत गुंडाळली होती. ॲल्युमिनियम सावकाश निवू द्यायचं असतं.

"घे, तुझं दुसरं लेकरू," ते म्हणाले आणि खोकले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बरं नाही का?"

"धूर लागला थोडा. काही नाही. बस ना, कॉफी ठेवतो."

"यारीची झोपेची वेळ झाली," मी म्हणाले. घोंगडी होती तशीच काखेत धरून निघाले.

घरी यारीला झोपवून फवाऱ्याचा डबा उचलला, तेव्हा त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग फोनवर शोधलं. वायूचं नाव आलं. हे नाव मी परीक्षेत लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की सुरुवातीला साधा खोकला येतो, मग बरं वाटतं आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं.

दीड वाजला होता. मी फोन केला. उचलला नाही. ते जेवून झोपत असतील. दोन वाजता पुन्हा केला. त्यांचा रेडिओ मोठा असतो. आमची रोजची गाडी दारात होती, एडगार्डो कारखान्याच्या बसनं जातो; यारीला उठवून निघता आलं असतं. पण जाऊन म्हणायचं काय? मी खोटं बोलले, असं? मी पाळण्याशी बसले आणि श्वास मोजत राहिले. चौतीस. छत्तीस.

साडेतीनला एडगार्डो आला, हातही न धुता त्यानं गोगलगाय बसवली.

"नेना, बघ. ब्रेकच्या डब्यापासून दोन बोटं लांब. म्हाताऱ्याच्या हातात जादू आहे." माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "रडतेस कशाला?"

तेव्हा मी सांगितलं. त्यानं यारीला उचलून गाडीत ठेवलं आणि आम्ही निघालो.

दॉन मोन्सेराते दुकानामागच्या झोपाळ्याच्या खुर्चीत बसले होते. रेडिओ चालू होता. ओठ निळसर पडलेले, कॉफीचा कप भरलेला, वर साय धरलेली. मला बघून त्यांनी हात हलवला, काही नाही म्हणाल्यासारखा. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळ बघितलं. मिनिटाला अडतीस. बाळाला चालतात, सत्तरीच्या माणसाला नाही.

वाटेत मी त्यांना फवाऱ्याचं सांगितलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी कशानं झालं विचारलं, तर प्राणवायूच्या मुखवट्याखालून तेच आधी म्हणाले, "मीच धुतली, चुकून." मी म्हणाले, नाही, मी. डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं आणि कामाला लागले.

ते वाचले. अठरा दिवसांनी नळ्या निघाल्यावर मी माफी मागितली.

"ऐकलं नव्हतंस तर विचारायचं," ते म्हणाले, मध्ये दोनदा थांबून. "पुन्हा सांगितलं असतं. मला काय, बोलायला आवडतंच."

आता त्यांना जिना चढवत नाही आणि वेल्डिंग तर संपलंच. मुलगी येऊन त्यांना फ्लोरिडात किसिमीला घेऊन गेली. दुकानाला कुलूप आहे. आमच्या गल्लीत आता मी दिवसभर कुणाशीच बोलत नाही. कोरोला पडवीतच आहे. एडगार्डोनं तिचं बोनेट त्या दिवसानंतर उघडलेलं नाही. तो माझ्याशी नीट बोलतो, फार नीट.

दॉन मोन्सेरातेंना मी रोज अकराला फोन करायचे. मुलगी बारा तास कामावर असते, तेव्हा घरी ते आणि प्राणवायूचं यंत्र, दोघंच. मंगळवारपासून फोन उचलत नाहीत. मुलीला निरोप ठेवले, उत्तर नाही. पक्का पत्ता माझ्याकडे नाही, त्यांनी बोलता बोलता सांगितलं तेवढंच. तान्ह्या पोरीला घेऊन मला एकटीला विमानानं लगेच जाता येत नाही, आणि आज शुक्रवार आहे.

हे वाचणारं कुणी किसिमीला असेल तर तळ्याकाठची पिवळी इमारत आहे, दुसरा मजला, दाराशी कोरफडीची कुंडी. दार जोरात वाजवा, रेडिओ मोठा असतो. ते काही नाही म्हणतील, त्यावर जाऊ नका. कॉफी देतील ती घ्या. बसा. आणि बसल्या बसल्या, त्यांना कळू न देता, एक मिनिट त्यांचे श्वास मोजा. विसाच्या वर गेले तर मला कळवण्यात वेळ घालवू नका, आधी रुग्णवाहिका बोलवा.