पुनःशोषणाचे तिसरे कार्ड

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि त्यातला दुधाचा दात टेबलावर ठेवला.

"नातवाचा आहे," त्या म्हणाल्या. "उशीखाली ठेवला होता त्याने. मी पळवला. आता ह्याचं मूळ दाखव मला."

टेबलापलीकडे बसलेल्या कोशाच्या सहसंपादिकेने दात बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे नेला. वरचा भाग तांदळाच्या दाण्यासारखा गुळगुळीत होता. खालच्या बाजूला मूळ नव्हते, नुसती पोकळ, खरबरीत कडा होती.

"नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये. पण होतं. आणि तुटून आतही राहिलेलं नाही. शरीराने हळूहळू परत घेतलं. हा तुमच्या त्या ओळीसाठी पुरावा."

'ती ओळ' ही कोशाच्या मुख्य संपादकांची देणगी होती. कार्यालयात सगळे त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणत, कारण ते कशापाशीही अडत. शास्त्रीय परिभाषेच्या कोशात एका शब्दासाठी जितकी शास्त्रे तितकी कार्डे असत. प्रत्येक कार्ड त्या त्या विषयाचा तज्ज्ञ लिही. व्याख्येच्या खाली एक ओळ सक्तीची होती, 'झाल्याचा पुरावा'. एखादी क्रिया घडते असे लिहायचे तर ती घडून गेली हे कशावरून ओळखायचे तेही लिहा, नाहीतर कोशात आणि गावगप्पांत फरक काय, असे स्वल्पविरामांचे म्हणणे होते.

'पुनःशोषण' या शब्दाची तीन कार्डे होती. वैद्यकाचे डॉक्टरीणबाईंचे. शब्द त्यांना पसंत नव्हता. शोषण म्हटले की माणसाला मोर्चाच आठवतो, पण तुमच्या समितीला दुसरे काही सुचेल तर शपथ, असे त्यांनी येताच ऐकवले होते. जीवशास्त्राचे कार्ड तिने स्वतः लिहिले होते. वाढ थांबलेला गर्भ विरघळून मातेच्या शरीरात परत शोषला जाणे. पुरावा: उंदरासारख्या प्राण्यांत गर्भाशयाच्या भिंतीवर गडद डाग राहतो, त्या डागांवरून किती गर्भ रुजले होते ते मोजता येते. आठ दिवसांपूर्वी तिने हे एका बैठकीत लिहिले होते, एकही खाडाखोड न करता. मग हात धुवायला गेली होती आणि नळ बराच वेळ चालू ठेवून उभी राहिली होती.

डॉक्टरीणबाईंनी ते कार्ड दोनदा वाचले.

"उंदराचं झालं. माणसाचं?"

"माणसात डाग राहत नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. काहीतरी विचारायला तोंड उघडले, आणि मग पुडीची घडी घालता घालता वेगळेच विचारले. "आणि तिसरं? ते तर घरचंच ना? नवरा भूवैज्ञानिक, आणि भूशास्त्राचं कार्ड येईना. काखेत कळसा म्हणतात तो हाच."

तिसरे कार्ड तीन आठवडे उशिरा होते. तिने कार्यालयातून दोन स्मरणपत्रे पाठवली होती, इतर तज्ज्ञांना पाठवायची तशीच, छापील. घरी ती त्याविषयी बोलली नव्हती. घरी ते दोघे कशाविषयीच बोलत नव्हते. गॅस संपत आलाय, वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा पाणी सांडलं, उद्या मला उशीर होईल, एवढेच.

अडीच महिन्यांपूर्वी, अकराव्या आठवड्यात, अंधाऱ्या खोलीत सोनोग्राफीच्या पडद्यावर एक रिकामी पिशवी दिसली होती. आठव्या आठवड्यात तिथेच एक ठिपका लुकलुकत होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी यंत्र इकडेतिकडे फिरवून पाहिले, आणि मग हळू आवाजात सांगितले की वाढ मागेच थांबली असणार, शरीराने ते परत घेतले आहे, असे होते. सासूबाईंनी फोनवर समजूत घातली. धरलंच नव्हतं असं समजायचं आणि पुढे व्हायचं, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नवरा डबा घेऊन प्रयोगशाळेत गेला.

तेही तिने गिळले असते. पण मागच्या महिन्यात ते नव्या दवाखान्यात गेले, तिथे परिचारिकेने फॉर्म भरताना विचारले, याआधी कधी दिवस गेले होते का. तिने श्वास घेतला, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "नाही." परिचारिकेने रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला. परतताना ती त्याच्या चार पावले मागे चालत राहिली. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. मोजणी हा ज्याचा पेशा, त्याने ते मोजलेच नाही.

दुपारी ती बसने प्रयोगशाळेत गेली. कार्यालयीन कामासाठी जाते आहे असे तिने हजेरीवहीत लिहिले.

जिन्यातच प्रयोगशाळेचे साहेब भेटले. हातात कागदांचा गठ्ठा होता. तिला बघून त्यांना हायसे वाटल्यासारखे दिसले.

"बरं झालं आलात, वहिनी. हे तुम्हीच त्याला द्या. मला त्याच्यावर चिडायचं नाहीये."

त्यांनी जिन्याच्या कठड्यावर गठ्ठा ठेवून समजावून सांगितले. खडकाची कागदाहून पातळ चकती काचेवर चिकटवतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक अंतराने सरकवायची, वीस ओळी, प्रत्येक ओळीत पंचवीस थांबे. प्रत्येक थांब्यावर मधोमध जे खनिज दिसेल त्याची मोजणीयंत्रावरची कळ दाबायची. म्हणजे बेरीज पाचशे. कमी नाही, जास्त नाही.

"ह्याची पाचशे एक येते. एकदा नाही, बत्तीस तक्त्यांत बत्तीस वेळा. यंत्र तपासून घेतलं, धडधाकट आहे. चूक अशी कवायत करत नाही हो, वहिनी. विचारलं तर म्हणतो, बघतो." साहेबांनी गठ्ठा तिच्या हातात दिला. "घरी सगळं ठीक ना?"

"हो," ती म्हणाली.

परवा तक्ते पाठवायचे आहेत, तेवढा जादाचा एक काढून टाकायला सांगा, असे म्हणून ते खाली उतरले. तिने तिथेच उभे राहून पहिला तक्ता पाहिला. नऊ रकाने होते. आठांच्या डोक्यावर खनिजांची नावे होती, गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक अशी. नवव्यावर नाव नव्हते. त्या रकान्यात एक हा आकडा होता. दुसऱ्या तक्त्यात तेच. तिसऱ्यात तेच. तिने पुन्हा पहिल्या तक्त्याची तारीख पाहिली. तो डबा घेऊन निघाला होता त्या दिवसाची होती.

खोलीचे पडदे अर्धे ओढलेले होते. तो सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसला होता, डावा हात मोजणीयंत्राच्या कळांवर. दर दोन-तीन सेकंदांनी टक असा आवाज होई.

"दोन ओळी राहिल्यात," तो वर न बघता म्हणाला. तिच्या पावलांवरून त्याने ओळखले असावे.

ती स्टुलावर बसली. टेबलाच्या कडेला कोशाची कार्डे पडली होती, पाच-सहा. सगळ्यांवर व्याख्या एकच, त्याच्या ठाशीव अक्षरात. आधी तयार झालेला स्फटिक भोवतीच्या तप्त शिलारसात पुन्हा विरघळणे. खाली 'झाल्याचा पुरावा', आणि पुढे कुठे दोन शब्द लिहून सोडलेले, कुठे कोरे.

मोजणी संपली. त्याने दिवा बंद केला.

"कार्डासाठी आलीस."

"हो. हे तर झालंय. नुसती खालची ओळ."

"ती खोटी होते." त्याने एक कार्ड उचलले. "कडा गोलसर होतात, खाचा पडतात, असं सगळेच लिहितात. पण ते अर्धवट विरघळला तर. थोडा तरी उरला तर. पूर्ण गेला, तर कडाच नाहीत. कशावरून सांगणार?"

"काहीच राहत नाही?"

"ज्यात विरघळला तो रस किंचित बदलतो. आधीसारखा राहत नाही. पण मोजता येईल इतकं नसतं ते." त्याने कार्ड खाली ठेवले आणि बाकीच्यांच्या कडेला कड लावून सरळ केले. "स्वल्पविरामांना असलं चालणार नाही."

 मग तिने गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला.

"साहेब जिन्यात भेटले."

त्याने पहिल्या तक्त्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"नववी कळ कशाची आहे?" तिने विचारले.

"कशाची नाही. सुरू करताना एकदा दाबून बघतो. यंत्र चालतंय का ते."

"मग शून्यावर आणायचं ना."

तळमजल्यावर दगड कापायची करवत सुरू झाली. दोघेही ती थांबायची वाट बघत राहिले. थांबली तेव्हा त्याचा अंगठा त्या कोऱ्या कळेच्या कडेवरून फिरत होता.

"शून्यावर आणवत नाही," तो म्हणाला.

तिने स्टूल थोडे पुढे घेतले. इतके दिवस जे विचारायचे होते ते आता विचारताना तिचा आवाज तिला वाटले होते तसा कडक निघाला नाही.

"दवाखान्यात 'नाही' म्हणालास तू."

"ती बाई पुढे विचारणार होती. कितवा महिना, कधी कळलं, कसं कळलं. चार अनोळखी माणसांसमोर तुला ओळीने सगळं सांगावं लागलं असतं. मला वाटलं, तेवढं तरी चुकवावं." त्याने अंगठा कळेवरून उचलला. "तू चार पावलं मागे चालत होतीस. मी मोजत होतो."

बाहेर वऱ्हांड्यातून कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत गेले. तो खुर्चीतून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि पडद्याला हात लावून परत आला. परवा तक्ते जायला हवेत, हे त्यालाही माहीत होते. त्याने शाईचे पेन काढले. प्रयोगशाळेत नोंद खोडरबराने पुसायची पद्धत नव्हती. आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खाली काय होते ते वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. त्याने पहिला तक्ता ओढला, पेन नवव्या रकान्यावर नेले, आणि तसेच धरून ठेवले. निबाखाली शाईचा ठिपका पसरू लागला.

"आण इकडे," ती म्हणाली.

"तुझं काम नाही ते."

"सही तू कर. रेघ मी मारते."

त्याने पेन दिले. तिने पट्टी आकड्यावर आडवी ठेवली आणि रेघ मारली, शक्य तितकी बारीक. एक दिसत राहिला. तिने तक्ता त्याच्याकडे सरकवला. त्याने दुसऱ्या पेनाने सही केली. दुसरा तक्ता. तिसरा. दोघांचा एक वेग जमून आला, घरी धुतलेले कपडे दोन टोकांना धरून घड्या घालताना जमायचा तसा. पाचव्या-सहाव्या तक्त्यापासून तिला तारखा वाचायची गरज उरली नाही. कोणत्या दिवशी घरी काय झाले होते ते तिला आठवत होते. हा ती दिवसभर पलंगावरून उठली नव्हती तो. हा त्याने न सांगता तिचा फोन बंद करून ठेवला होता तो. हा दवाखान्याचा.

अकराव्या तक्त्यावर सही आली नाही. तिने वर पाहिले.

तो सूक्ष्मदर्शकाकडे वळला होता. डोळा नळीला लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी स्थिर बसला होता. दिवा केव्हाचा बंद होता.

तिने बाराव्या तक्त्यावर पट्टी ठेवली होती, ती उचलली. पेनाला टोपण लावले. आणि त्याचे बघून होईपर्यंत ती शेजारी बसून राहिली.